सांगून येणाऱ्या बाई

आमच्या बाई कधी एकदम समोर आल्या नाहीत. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. "मी ऑफिसातून उठले बरं का. आता व्हरांड्यातून चालून राह्यले. आता स्वयंपाकघरात येऊ राह्यले, मावशी." मग दारात त्यांची उंच, वाळकी आकृती दिसायची. बारीक कापलेले केस, सुती साडी आणि खाली पायात पोरांचे घालतात तसले कॅनव्हासचे बूट.

आत आल्यावरही तोंड बंद नसायचं. "आता मी हा डबा उचलणार. आता झाकण काढणार, आवाज होईल." कुकर लावलेला दिसला की अंगणात खेळणाऱ्या मुलींना हाक मारून सांगायच्या, "पोरींनो, आता शिट्टी होणार हाय गं!" शिट्टी व्हायची. मुली दचकायच्या नाहीत.

मी तिथं स्वयंपाकाला लागले तेव्हा मला वाटलं, या बाईच्या डोक्यात काही बिघाड असावा. राजूरच्या रस्त्यावर शेतात ती आमची इमारत. आधी तिथं बियाण्यांचं गोदाम होतं, मग एका संस्थेने घेतलं आणि मुलींचं बालगृह केलं. बाई तिथल्या अधीक्षिका, पण गावातले लोक त्यांना दवंडीबाई म्हणायचे. किराणा दुकानात मी गेले की दुकानदार हसून विचारायचा, "काय म्हन्ते तुमची दवंडीबाई? आता शिंकणार, आता खोकणार, असं बी सांगती का?"

सांगायच्या. शिंकसुद्धा सांगायच्या.

कारण मला पुढे कळलं, तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. नवी आलेली एक मुलगी माझ्याजवळ वाटाणे सोलत बसली होती. मी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मी हात तसाच वर धरून उभी राहिले. खाली घ्यावा तरी ती भिणार, वर ठेवावा तरी भिणार. बाहेरून बाई बोलत बोलत आल्या, त्यांनी ते बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "मावशी आता हळदीचा डबा काढणार हायेत. काढला. आता हात खाली येणार. आला." मुलीने हात काढले आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

आमच्याकडे येणाऱ्या मुली अशाच असत. कुणाला मार, कुणाला उपास, कुणाला त्याहून वाईट. मोठं माणूस पुढच्या घडीला काय करील याचा भरवसा त्यांना कधी मिळाला नव्हता. बाई तेवढंच द्यायच्या.

त्या गोड बोलायच्या असं मात्र नाही. पोटाशी धरणं, पाठीवरून हात फिरवणं त्यांना जमायचंच नाही. दिवाळी जवळ आली की लहान मुली विचारायच्या, माझी माय येईल का? आम्ही बाकीच्या बाया म्हणायचो, येईल गं, येईल. बाई म्हणायच्या, "मला ठाऊक न्हाई. मी विचारते आणि काय ते तुला येऊन सांगते." आणि विचारून झाल्यावर त्या मुलीपुढे खाली बसून सांगायच्या, "न्हाई येणार. मी बोलले त्यांच्याशी. न्हाई म्हन्ल्या." मुलगी रडायची. बाई तिच्या शेजारी बसून राहायच्या, नुसत्या. मला तेव्हा राग यायचा. खोटं बोललं तर काय जातं, सणाचे चार दिवस तरी लेकरू हसेल. पण मुली काही खरं विचारायचं असलं की आमच्याकडे येत नसत. ऑफिसच्या दाराशी जाऊन उभ्या राहत.

स्वतःचा राग मात्र त्यांना आवरत नसे. जिल्ह्याच्या कार्यालयातून उलटसुलट फोन आला, किंवा कुणा मुलीच्या अंगावरचे वळ बघावे लागले, की त्या म्हणायच्या, "मला राग आला हाय. मी बाभळीकडं चालले." इमारतीच्या मागे बांधावर एक बाभळ होती. तिच्यापुढे उभ्या राहून कमरेवर हात ठेवून त्या तिला अशा शिव्या द्यायच्या की शेजारच्या शेतातला गडी बैल थांबवून ऐकायचा. मग परत यायच्या, तोंडावर पाणी मारायच्या आणि कामाला लागायच्या. हळूहळू मुलीही जायला लागल्या. "बाई, मी बाभळीकडं जाऊ?" "जा. काटे सांभाळ." एकदा एक पाहुणे संस्था बघायला आले तर तीन मुली ओळीने उभ्या राहून झाडाला ठणाणा शिव्या देत होत्या. पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

आणि भीती? ती पालीची. भिंतीवर पाल दिसली की बाई टेबलावर चढायच्या. ते सोंग नव्हतं. वरूनच ओरडायच्या, "मला भीती वाटून राह्यली! कुणीतरी या!" मग ज्या मुली सावलीला भ्यायच्या त्या झाडू घेऊन धावत यायच्या. एक जण बाईंचा हात धरायची, दुसरी पाल हाकलायची. संस्थेचे सचिव ऑफिसात बसलेले असतानाही त्या अशाच टेबलावर चढल्या. सचिव मोठा माणूस, पांढरे कपडे, गळ्यात उपरणं. ते खुर्चीत तसेच बसून वर बघत म्हणाले, "बाई, तुम्ही अधीक्षिका आहात." बाई वरून म्हणाल्या, "हाये ना. पण ती पाल तुमच्या मागं हाये." सचिव उठले ते थेट बाहेर गेले.

चतुर्थीला राजूरला गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची आमच्या रस्त्याला गर्दी असते. येता-जाता कुणी केळी देतो, कुणी खिचडी. ते बाई घेत. पण वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांशी त्यांचं जमत नसे. एकदा एक कार्यकर्ता आठ-दहा पोरं घेऊन आला. भला मोठा केक, स्वतःचा फोटो असलेलं फ्लेक्स, मोबाईल काढून तयार.

"मुलींना रांगेत बसवा, बाई. केक भरवतो, फोटो काढू."

"मुलींचे फोटो काढायचे न्हाईत."

"अहो, चांगल्या कामाचा फोटो नको का?"

"तुमचा काढा की," बाई म्हणाल्या. "जेवणं झाली हायेत, भांडी पडली हायेत. मावशी, भाऊला राख आणि काथ्या द्या. घासताना काढा फोटो, लई छान येईल."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्याला मागे सरता येईना. बाह्या वर करून तो मोरीवर बसला आणि माझी खरकटी पातेली घासली. बराबर घासली नाहीत, मला पुन्हा घासावी लागली. पण त्यातलाच एक पोरगा पुढच्या आठवड्यात एकटा आला आणि मोरीच्या नळाची गळकी तोटी बदलून गेला. बाईंनी त्याला चहा दिला, आणि जाताना म्हणाल्या, "तुझा वाढदिवस असला की ये रे."

ऑफिसात त्यांची बुद्धाची छोटी मूर्ती होती. मी स्वयंपाकघरात गणपतीची तसबीर लावू का म्हणून विचारायला गेले, विचारता येईना, दारातच घुटमळले. त्याच म्हणाल्या, "तुमचा गणपती चुलीजवळ, माझा बुद्ध टेबलाजवळ. दोघांचं कधी भांडण झालेलं मी तरी ऐकलं न्हाई." माझ्या जावेने एकदा विचारलं होतं, त्या बाईच्या पंगतीला बसतेस का तू? बाई सगळ्यांत शेवटी जेवायच्या आणि करपलेली भाकर मागून घ्यायच्या, आणि त्या जेवेपर्यंत मी थांबायची, एवढंच मला माहीत.

आता रुपालीचं लिहिते. हे तिचं खरं नाव नाही.

ती आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. लेडीज पोलिसाबरोबर जीपमधून उतरली, सात-आठ वर्षांची, केसांच्या जटा झालेल्या. बाप आणि त्याची दुसरी बायको कामाला जाताना तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावून जात. एकदा गेले ते परत आलेच नाहीत, दुसऱ्या गावाला निघून गेले. शेजाऱ्यांना तिचा आवाज ऐकू आला, तो बंद व्हायला लागला तेव्हा त्यांनी दार मोडलं.

रुपाली आमच्या ओट्यापर्यंत आली आणि थांबली. आत काही येईना. काळजी घेणाऱ्या एका बाईने तिला दंडाला धरून आत ओढलं तर ती कडकडून चावली. त्या दिवसापासून ती ओट्यावरच. तिथंच जेवायची, तिथंच पांघरुणात मुटकुळं करून झोपायची. बाईंनी स्वतःची सतरंजी तिच्यापासून थोड्या अंतरावर टाकली. "मी इथं झोपणार हाय. माझं तोंड रस्त्याकडं असंल." न्हाणीला दार, म्हणून आंघोळ नाही. एक शब्द बोलत नव्हती.

सचिव आले. नाकाला रुमाल लावून दुरून बघितलं. "ही आपल्या इथली केस नाही, बाई. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मोठ्या शहरात अशा मुलांची संस्था आहे, तिकडं पाठवू. बालकल्याण समितीला मी कळवतो."

ती संस्था कशी होती ते मला माहीत नाही. पण बाई तिथं एकदा जाऊन आल्या होत्या, आणि त्या म्हणाल्या, "तिथं दारं लोखंडाची हायेत."

"मग काय उघड्यावर ठेवायची का हिला? थंडीने मेली तर जबाबदार कोण?"

"मी. थंडी शिव शिव म्हणत जाईस्तोवर थांबा. शिवरात्रीला समितीच्या मॅडमना घेऊन या. तव्हाबी ती ओट्यावरच असली तर मीच तिचं सामान बांधते."

सचिव कबूल झाले. त्यांना वाटलं असावं, महाशिवरात्र काही फार लांब नाही.

मग बाईंनी एक गोष्ट केली ती साफ चुकली. गावातल्या सुताराला बोलावलं आणि मुलींच्या खोल्यांची, न्हाण्यांची, सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून मागच्या भिंतीला लावून ठेवली. दारच नाही तर भ्यायचं कशाला? दिवसभर खूश होत्या. संध्याकाळी दिवे लागले आणि मोठ्या मुली खोलीत जाईनात. सगळ्या माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसल्या. त्यांच्यात वर्षा म्हणून एक होती, पंधरा वर्षांची, हिचंही नाव मी बदललं आहे. तिच्यावर घरच्याच माणसाने हात टाकला होता. ती बाईंच्या अंगावर ओरडली.

"तिच्यापायी आमची दारं कामून काढली? तिला लावलेल्या दाराचं भ्या वाटतं, आम्हाला उघड्याचं वाटतं! आमचं कुणी इचारलं?"

अधीक्षिकेशी असं कुणी बोलत नाही. मला वाटलं, आता बाई बाभळीकडे जातील. त्या वर्षासमोर खाली बसल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "इचारायला पाहिजे होतं. आता मी उठणार, सुताराला आणणार, आन दारं लावल्याबिगर जेवणार न्हाई. चालंल?"

"आतून कडी पाहिजे," वर्षा म्हणाली. "इथं सगळ्या कड्या बाहेरूनच हायेत."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या तिथं होत्या, मी होते, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोदामाची दारं ती. बियाणं काय आतून कडी लावतं?

सुतार घास हातातला टाकून आला आणि सारखा बडबडत होता. "सकाळी काढा म्हन्ता, संध्याकाळी लावा म्हन्ता. आन बाहेरची कडी कायमची काढायची? मंग कुलूप कुठं लावता, बाई?"

"कुणाला कुलपात घालायचं हाय, भाऊ?"

"तसं न्हाई, पण दाराला बाहेरून कडी असती."

"इथून पुढं न्हाई."

त्याने बाहेरच्या सगळ्या कड्या उपटल्या आणि आतून बसवल्या. आत कुणाला काही झालं तर बाहेरून सळई घालून कडी उचलता येईल एवढी फट ठेवली, आणि ती सळई माझ्या स्वयंपाकघरात टांगली. ती वापरायची वेळ माझ्या देखत आली नाही. वर्षाने कडी लावली, काढली, पुन्हा लावली, तेव्हा बाई जेवायला बसल्या.

पण रुपाली ओट्यावरच होती. तिच्या आंघोळीसाठी बाईंनी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला, तीन बाजूंनी आडोसा, चौथी मोकळी. मला म्हणाल्या, "आंघोळ तुम्ही घाला. ती तुमच्या जवळ सरकती, मी बघितलंय. तुम्ही गप बसता म्हणून."

"मंग मी गपच घालते," मी म्हणाले.

"न्हाई. गप माणसाच्या मनात काय चाललंय ते तिला कळत न्हाई. सांगून घाला."

मला चारचौघांत बोलता येत नाही. सासरी पंधरा वर्षं काढली तरी दिराशी मोठ्याने बोलले नसेन. पाणी तापवलं, रुपाली पाटावर बसली, आणि माझ्या घशातून आवाजच निघेना. शेवटी म्हणाले, "आता... तांब्या." पाणी ओतलं. "आता डोक्यावर." ओतलं. "आता साबण, डोळे मीट."

पाण्याखालून आवाज आला, "मावशी, तुमचा आवाज केवढुसा हाय गं!"

ती आमच्याकडे आल्यापासूनचं तिचं पहिलं बोलणं. कुडाच्या पलीकडे बाई उभ्या होत्या. त्या बूट खरखर वाजवत लांब गेल्या, एवढं ऐकू आलं. जाताना सांगायला विसरल्या.

त्यानंतर खऱ्या न्हाणीची पाळी. बाई रोज दुपारी न्हाणीत जायच्या, रुपालीला ओट्यावरून दिसेल असं दार लावायच्या आणि आतून ओरडायच्या, "कडी लावली! आता काढते!" दार उघडून बाहेर यायच्या. "बघ, निघते." पुन्हा आत. पुन्हा बाहेर. रुपाली एक एक पायरी पुढे सरकायची. नेमके एका दुपारी सचिव आले. अंगणात उभे राहून त्यांनी तीन वेळा बाईंना न्हाणीतून बाहेर येताना बघितलं.

"काय चाललंय, मावशी?" त्यांनी मला विचारलं.

"बाई कडी लावून-काढून राह्यल्या," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"बाई," ते मोठ्याने म्हणाले, "पोरीच्या आधी तुम्हालाच तिकडं पाठवावं लागेल!"

"पाठवा," बाई आतून म्हणाल्या. "तिथल्या बी कड्या आतून बसवून येते."

रुपाली तोंडावर हात ठेवून हसली. मग ती स्वतः कडीशी खेळायला लागली. दार उघडंच ठेवून कडी नुसती पुढे-मागे. खट्ट, खट्ट. दिवसभर. आमची डोकी उठली. बाईंनी कडीला तेल घालून दिलं. पण दार लावून ती आत गेली, असं काही झालं नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी बाई तिच्यापुढे बसल्या. मी पीठ मळताना ऐकत होते. "उद्या दोन माणसं येणार. तुला इथं ठेवायचं का दुसरीकडं न्यायचं, ते ठरवणार. मी सांगणार, इथंच ठेवा. पण ते माझ्या एकटीच्या हातात न्हाई."

"तुम्ही जाऊ देसाल?"

"ते म्हन्ले तर मला जाऊ द्यावं लागंल. मंग मी तुला तिथं भेटायला येईन. ते माझ्या हातात हाय."

मला वाटलं, कशाला सांगायचं लेकराला? ती त्या रात्री जेवली नाही.

सकाळी जीप आली. सचिव उतरले, समितीच्या मॅडम उतरल्या. मॅडम बारीक चणीच्या, हातात कागदांची पिशवी. त्याच वेळी रुपाली माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, पाणी काढा." मी बादली भरून दिली. ती दोन्ही हातांनी फरफटत न्हाणीपर्यंत नेली, आत गेली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत दार लावलं. खट्ट.

"बघा!" सचिव म्हणाले. "माणसं बघितली की कोंडून घेतलं."

"कोंडलं न्हाई," बाई म्हणाल्या. "कडी तिने लावली, आतून."

मॅडम न्हाणीच्या दिशेने चालायला लागल्या. आतून ओरड आली, "कुणी यायचं न्हाई! मी आंघोळ करून राह्यले!"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. मग मागे वळून ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि पिशवी शेजारी ठेवली. सचिव उभेच. बाई खांबाला धरून उभ्या होत्या. आतून तांब्याचा आवाज येत होता, पाणी पडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ. मग ते थांबलं आणि रुपाली म्हणाली, "मावशी, आणखी पाणी आणा. दाराशी ठेवा. उघडायचं न्हाई."

मी चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं. पण मॅडम उठल्या, माझ्या हातातून बादली घेतली, साडीचा पदर खोचला आणि स्वतः नेली. दाराशी बादली ठेवून त्या म्हणाल्या, "ठेवली गं बाळा. मी मागे सरकतेय." आणि चार पावलं मागे सरकल्या. मग सचिवांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "हिला कुठं न्यायचं म्हणत होता तुम्ही?"

सचिवांनी उपरण्याने तोंड पुसलं.

दार हातभर उघडलं, एक ओला हात बाहेर आला, बादली आत ओढली, आणि कडी पुन्हा आतून बसली.